फिरोजा, हिरे आणि हिस्सा

लग्नसराई जवळ आली की घराघरांत कपाटातले जुने डबे बाहेर निघतात. सोन्याचा भाव असा चढलेला की नवीन दागिना घ्यायचा म्हटले तरी धडकी भरते. मग दादीचा किंवा नानीचा एखादा जडावाचा हार आठवतो. मधोमध निळे फिरोजे, भोवती हिरे, पाठीमागे मीनाकाम. हार रुमालात गुंडाळून सराफाकडे जातो. सराफ वजन करतो आणि सांगतो, "एकूण भरला सत्तर ग्रॅम. खडे आणि लाख वजा जाता सोनं चाळीसच्या आसपास. त्यात घटही धरावी लागेल." खड्यांचे काय, असे विचारले तर तो म्हणतो, "हिरे जुने आहेत, नीट पैलू नाहीत. फिरोजाला कोण विचारतो?" अर्ध्या तासात हार मोडीत जातो आणि घरी चार बांगड्या येतात.

सराफ खोटे बोलला असे नाही. त्याने त्याच्या धंद्याचा हिशेब सांगितला. पण तो हिशेब एकट्या सोन्याचा होता. जडावाचा दागिना दिसायला एक असला तरी त्यात सोने, खडे आणि कारागिरी अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. चौथी गोष्ट तराजूत येत नाही. ती म्हणजे त्या दागिन्यावर कोणाकोणाचा हक्क आहे. या चारही गोष्टींचा हिशेब झाल्याशिवाय जुना दागिना मोडू नये, हे या वेळी सांगायचे आहे.

फिरोजा म्हणजे काय?

मराठीत याला पिरोजा किंवा पेरोज म्हणतात. मूळ फारसी शब्द ‘पीरोजा’, त्याचा अर्थ विजयाशी जोडलेला. अरबीत तो ‘फीरूजज’ झाला, उर्दूत फिरोजा. युरोपात हा खडा तुर्कस्तानच्या वाटेने पोहोचला, म्हणून तिकडे त्याला ‘टर्कॉइज’, म्हणजे तुर्की खडा, हे नाव पडले. खाणी मात्र इराणच्या खुरासान भागात, निशापूरजवळ आहेत. शेकडो वर्षांपासून तिथला फिरोजा उत्तम मानला जातो. महान शास्त्रज्ञ अबू रैहान अल-बिरूनी (जन्म इ.स. ९७३) यांनी रत्नांवर लिहिलेल्या ‘किताबुल जमाहिर’ या ग्रंथात फिरोजाचीही माहिती दिली आहे.

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. फिरोजा हे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे फॉस्फेट, आणि त्यात पाण्याचाही अंश असतो. निळा रंग तांब्यामुळे येतो. लोहाचे प्रमाण वाढले की तो हिरवटपणाकडे झुकतो. कठीणपणा मोजण्याच्या दहाच्या मापात हिरा दहावर आहे, तर फिरोजा पाच ते सहाच्या दरम्यान. म्हणजे एका डबीत दोन दागिने मोकळे टाकले तर एकाचा हिरा दुसऱ्याच्या फिरोजावर सहज ओरखडा पाडतो.

फिरोजा सच्छिद्रही असतो. तेल, घाम, अत्तर, साबण तो हळूहळू शोषून घेतो आणि हिरवट, मळकट होत जातो. जास्त उष्णतेने त्यातले पाणी निघून जाते आणि रंग उडतो. घालणाऱ्यावर संकट येणार असले की फिरोजा रंग बदलतो, अशी समजूत आपल्या अनेक घरांत आहे. रंग बदलतो हे खरे, पण कारण अंगावरचे तेल आणि अत्तर आहे, नशीब नव्हे. हजरे-अस्वदसमोर उभे राहून हजरत उमर (रजि.) यांनी जाहीरपणे सांगितले होते की तो एक दगड आहे, त्याच्या हाती ना नफा आहे ना नुकसान. मग बोटातल्या खड्याकडून आपण काय अपेक्षा करावी? फिरोजा शोभेसाठी जरूर घालावा. पुरुषांना सोने वर्ज्य असल्याने त्यांनी तो चांदीच्या अंगठीत घालावा. पण भरोसा अल्लाहवरच ठेवावा.

आता कारागिरी. कुंदनकामात दागिन्याचा सांगाडा आतून पोकळ असतो आणि त्यात लाख भरलेली असते. हिऱ्याखाली चकाकणारा पातळ वर्ख ठेवतात, म्हणून पैलू न पाडलेला पोलकी हिराही लखलखतो. मग अतिशय शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याच्या कडेने दाबत जातात. शुद्ध सोने इतके मऊ असते की नुसत्या दाबाने ते एकमेकांत मिसळून जाते, त्याला आच लागत नाही आणि डाखही लागत नाही. म्हणूनच फिरोजासारखा उष्णता न सोसणारा खडा या पद्धतीत सुरक्षित बसतो. आणि म्हणूनच दागिना मोडताना सर्वांत आधी बळी जातो तो फिरोजाच. कुंदन कापून, लाख तापवून खडे काढताना हिरे बहुधा वाचतात, फिरोजे फुटतात किंवा त्यांचा रंग जातो.

मोडले ते परत येत नाही

इतिहासातली दोन उदाहरणे पाहू. पहिले आपल्याच मातीतले आहे. इ.स. १३४७ मध्ये दौलताबादला बहमनी राज्याची सुरुवात झाली. दुसरा सुलतान मुहम्मद शाह याला तेलंगणच्या राजाकडून एक तख्त मिळाले. त्याचे नाव ‘तख्त-ए-फिरोजा’. विजापूरच्या दरबारातील इतिहासकार फरिश्ता लिहितो की ते काळ्या शिसवी लाकडाचे होते, वर शुद्ध सोन्याचे पत्रे आणि मौल्यवान रत्ने होती. फिरोजी रंगाच्या मीनाकामामुळे त्याला ते नाव मिळाले. पुढे प्रत्येक सुलतानाने त्यात रत्नांची भर घातली, इतकी की खालचा फिरोजी रंगच दिसेनासा झाला. शेवटी सुलतान महमूद शाहच्या काळात, प्याले आणि सुरया मढवायला रत्ने हवीत म्हणून ते तख्त सुटे करण्यात आले. तेव्हा जवाहिऱ्यांनी त्याची किंमत एक कोटी होन ठरवली. म्हणजे किंमत कळली तीही मोडायला काढल्यावर! आज ते तख्त नाही आणि ते प्यालेही नाहीत.

दुसरे उदाहरण युरोपातले. नेपोलियनने इ.स. १८१० मध्ये दुसरी पत्नी मारी लुईझ हिला लग्नानिमित्त सोन्याचांदीचा एक हिरेजडित शिरोभूषण-पट्टा भेट दिला. त्यात ७९ पाचू होते. १९५३ साली व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पेढीने तो राजघराण्याच्या वारसाकडून विकत घेतला. १९५४ ते १९५६ या काळात त्यातले पाचू काढून वेगवेगळ्या दागिन्यांत बसवून विकले गेले. मोकळ्या जागी नंतर ७९ इराणी फिरोजे बसवले. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यात फिरोजे सुमारे ५४० कॅरटचे आणि १००६ हिरे सुमारे ७०० कॅरटचे आहेत. पाहणाऱ्याला तो आजही सुंदर दिसतो. पण मूळचे पाचू अनेक गिऱ्हाइकांकडे विखुरले, ते पुन्हा एकत्र येणार नाहीत.

बादशाहांचे राहू द्या. आपल्या घरातल्या हाराचेही असेच असते. सोने वितळवून पुन्हा सोनेच मिळते. पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात वितळल्यावर परत मिळत नाही.

हिशेबात वेगळे करा

सोने आणि खडे एकत्र असलेल्या हाराबद्दल शरीअतने फार पूर्वी शिकवण दिली आहे. सहीह मुस्लिममधील रिवायत आहे. खैबरच्या वेळी हजरत फुजाला बिन उबैद (रजि.) यांनी बारा दिनारांना एक हार घेतला. त्यात सोने होते आणि मणी-खडेही. त्यांनी दोन्ही वेगवेगळे केले तेव्हा एकट्या सोन्याची किंमत बारा दिनारांहून जास्त निघाली. ही गोष्ट त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितली. तेव्हा, वेगळे केल्याशिवाय असा हार विकला जाऊ नये, अशी शिकवण मिळाली.

दिनार सोन्याचे होते, म्हणजे हा सोन्याच्या बदल्यात सोन्याचा व्यवहार होता. अशा व्यवहारात दोन्हीकडचे वजन सारखे आणि देणे-घेणे हातोहात असावे लागते, नाहीतर व्याजाचा दोष येतो. शाफई उलमा या हदीसवरून सोने आणि खडे प्रत्यक्ष वेगळे करण्यावर भर देतात. हनफी उलमांच्या मते मोबदल्यातले सोने हारातल्या सोन्याहून जास्त असेल आणि ते जास्तीचे खड्यांच्या बदल्यात धरता येत असेल, तर व्यवहार चालतो. दोन्हींचा गाभा एकच आहे. आत किती सोने आहे हे माहीत नसताना सौदा करू नका.

आज आपण रुपयांत विकतो, त्यामुळे अखंड हार विकायला तो तोडावा लागत नाही. वेगळे करायचे ते कागदावर, हिशेबात. मात्र जुने सोने देऊन लगेच नवीन सोने घेण्याची जी पद्धत आहे तिथे सावध राहावे. आधी जुन्याचे पैसे हातात घ्यावेत, मग नवीन स्वतंत्रपणे विकत घ्यावे. व्यवहार स्वच्छ राहतो आणि सराफाने जुन्याला नेमका काय भाव दिला हेही स्पष्ट दिसते.

जकात कशावर?

जडावाच्या दागिन्याच्या जकातीबाबत दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी सगळ्या दागिन्याच्या वजनावर हिशेब करतो, तर कोणी ‘हा खड्यांचा दागिना आहे’ म्हणून त्याला हिशेबातूनच वगळतो. नियम असा की हिरे, फिरोजे वगैरे खडे व्यापारासाठी नसतील तर त्यांच्यावर जकात नाही, मग ते कितीही किमती असोत. सोन्याचा हिशेब वेगळा.

हनफी मतानुसार दागिना वापरात असो वा नसो, त्यातले सोने निसाबात धरले जाते. निसाब साडेसात तोळे. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा आहे. म्हणून निसाब ८७.४८ ग्रॅम होतो. बाजारात आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या मापाने साडेसात तोळे धरले तर आकडा चुकतो.

समजा घरात वरच्यासारखा हार आहे, एकूण ७० ग्रॅम, त्यात सोने ४० ग्रॅम. शिवाय ६० ग्रॅमच्या बांगड्या. सोने झाले १०० ग्रॅम, म्हणजे निसाबाच्या वर. वर्ष पूर्ण झाल्यावर अडीच टक्के, म्हणजे अडीच ग्रॅम सोन्याची किंमत जकात निघेल. एकूण वजन धरले असते तर १३० ग्रॅमवर सव्वातीन ग्रॅम झाले असते. हार अजिबात धरलाच नसता तर ६० ग्रॅम राहिले असते आणि जकात नाहीच असे वाटले असते. सोबत चांदी किंवा रोकड असेल तर हिशेब बदलतो, तो आपल्या आलिमांना विचारावा.

कोकणातले आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. त्या मताप्रमाणे स्त्रीच्या जायज वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. हजरत आयशा (रजि.) आपल्या पालनपोषणातील अनाथ पुतण्यांच्या दागिन्यांची जकात काढत नसत, ही रिवायत त्याला आधार आहे. पण दागिना घालण्यासाठी नसून साठा म्हणून ठेवला असेल तर तिथेही जकात येते. वर्षानुवर्षे लॉकरमध्ये पडून असलेल्या हाराबद्दल प्रत्येकाने स्वतःच्या नियतीला हा प्रश्न विचारावा.

हार नेमका कोणाचा?

निकाहच्या वेळी सासूबाई खानदानी हार नव्या सुनेच्या गळ्यात घालतात. सगळे माशाअल्लाह म्हणतात, फोटो निघतात. हार तिला कायमचा दिला की फक्त घालायला दिला, हे कोणीच बोलत नाही. कायमचा देऊन ताब्यात दिला असेल तर तो हिबा आहे, हार सुनेचा झाला. वापरायला दिला असेल तर तो आरियत, मालकी देणाऱ्याची राहिली. न बोलण्याची किंमत पुढे चुकवावी लागते. घरात मतभेद झाले, तलाकची वेळ आली किंवा मृत्यू झाला की त्याच हारावरून दोन घरे समोरासमोर उभी राहतात. दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर हे टळले असते.

हार मेहर म्हणून द्यायचा असेल तर निकाहनाम्यात नुसते ‘सोन्याचा हार’ लिहू नये. एकूण वजन, निव्वळ सोने, सोन्याचा कस, खड्यांचे प्रकार आणि संख्या लिहावी, फोटो जोडावा. मेहर स्त्रीची संपूर्ण मालकीची वस्तू आहे. पती, सासरे, भाऊ, कोणालाही तिच्या मर्जीशिवाय तो विकता किंवा मोडता येत नाही.

आईचा हार, मुलांचे हिस्से

खरा प्रश्न उभा राहतो तो आईच्या निधनानंतर. अनेक घरांत दागिने मोठ्या सुनेच्या कपाटात जातात आणि मुलींना सांगितले जाते, "तुमच्या लग्नात दिलेच आहे." लग्नात दिलेले म्हणजे वारसाहक्क नव्हे. सूरह निसामध्ये स्त्रियांचा हिस्सा ठरवून दिला आहे, मागे राहिलेली संपत्ती थोडी असो की पुष्कळ. एक हारही त्यात आला.

उदाहरण घेऊ. आईचे निधन झाले. मागे पती, एक मुलगा आणि दोन मुली आहेत, तिचे आईवडील हयात नाहीत. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा जाता हाराची योग्य किंमत आठ लाख रुपये ठरली. पतीला चौथा हिस्सा, दोन लाख. उरलेल्या सहा लाखांत मुलाचे दोन भाग आणि प्रत्येक मुलीचा एक. मुलाला तीन लाख, मुलींना दीड-दीड लाख.

आता हाच हार मोडीत देऊन फक्त सोन्याचे पैसे घेतले असते तर वाटायची रक्कमच लहान झाली असती. हिरे आणि कारागिरीची किंमत सगळ्याच वारसांच्या हातून गेली असती. म्हणून घाईत मोडणे हे नुसते नुकसान नाही, त्यात वारसांचा हक्कही बुडतो.

मग एक हार चौघांत कसा वाटायचा? तो तोडण्याची गरज नाही. एक वारस हार ठेवून बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम देऊ शकतो. किंवा हार अखंड विकून रक्कम वाटता येते. सर्व वारस प्रौढ असतील आणि खुशीने तयार असतील तर एखादी बहीण इतर मालमत्तेतल्या हिश्श्याऐवजी हार घेऊ शकते. शरीअतमध्ये अशा तडजोडीला ‘तखारुज’ म्हणतात. पण खुशी खरी असावी. माहेर तुटेल या भीतीने बहीण "मला नको" म्हणते, तेव्हा ती खुशी नसते. आधी तिचा हिस्सा मोजून तिच्या हातात द्यावा. नंतर तिने तो भावाला परत दिला तर ती तिची मेहेरबानी.

सराफाकडे जाण्याआधी

दागिन्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, एकूण वजन लिहून ठेवा. किंमत किमान दोन ठिकाणी करून घ्या, त्यातले एक ठिकाण जडाव आणि जुने हिरे ओळखणारे असावे. सोने, हिरे, इतर खडे आणि घडण यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. हॉलमार्क नाही म्हणून दागिना खोटा ठरत नाही. कुंदन, पोलकी आणि जडाव दागिन्यांना सक्तीच्या हॉलमार्कमधून सूट आहे. उलट, निळा खडा दिसला म्हणून तो फिरोजाच असेल असेही नाही, रंगवलेले स्वस्त दगड पुष्कळ मिळतात. तपासणी करूनच विश्वास ठेवा. हार शंभर वर्षांहून जुना असेल आणि परदेशी असलेल्या मुलामुलींकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षे जुन्या कारागिरीच्या वस्तू येतात आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. आधी कायदेशीर सल्ला घ्या.

ठेवायचे ठरले तर अत्तर, तेल आणि मेंदी आधी, हार शेवटी घाला. उतरवल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा. पाण्यात बुडवू नका, कारण पाणी आत शिरले की हिऱ्याखालचा वर्ख काळा पडतो. प्रत्येक दागिना वेगळ्या कापडात ठेवा.

आणि त्या कापडासोबत एक चिठ्ठी ठेवा. हार कोणाचा, कोणी दिला, सोने किती, खडे किती. आपल्यानंतर कपाट उघडणाऱ्यांना भांडण्याचे कारण उरणार नाही. अल्लाह तआला आपल्याला प्रत्येक हक्कदाराचा हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.